वडिलांच्या फोनमधील संदेश आणि इसाराचा दावा: फोन न्यायालयापर्यंत कसा न्यावा

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. मला समजलेली हकिगत अशी आहे. अंबड तालुक्यातील आपल्या गावी वडिलांनी मे 2023 मध्ये भावकीतल्याच एका गृहस्थाची 3 एकर जमीन घेण्याचे ठरवले आणि 11 लाख रुपये इसार दिला. त्यातले 6 लाख बँकेतून गेले आणि 5 लाख रोख दिले. इसार पावती लिहिली गेली, पण मूळ कागद ‘टाइप करून आणतो’ म्हणून विकणाऱ्याने नेला तो परत आला नाही. पावतीचा फोटो मात्र त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला आहे. वडील गेल्या वर्षी वारले. आता तो म्हणतो की, वडिलांनी त्याच्याकडून घेतलेले हातउसने 6 लाख त्यांनी फेडले, रोख रकमेचा काही संबंध नाही आणि जमिनीचा व्यवहार ठरलाच नव्हता. रोख रक्कम मिळाल्याचे त्याचे आवाजी संदेश त्याने ‘सर्वांसाठी हटवा’ करून काढून टाकले आहेत, मात्र त्यातले दोन आपण आधीच स्वतःच्या फोनवर पाठवून घेतले होते. वडिलांचा काच फुटलेला फोन कपाटात आहे. शहरातला एक मोबाइल दुरुस्तीवाला 15 हजार रुपयांत ‘सगळे परत काढून, कोर्टात चालेल असा रिपोर्ट’ देतो म्हणतो. तो रिपोर्ट चालेल का आणि यासाठी कोणते सॉफ्टवेअर सर्वांत खात्रीचे, असे आपण विचारले आहे.

मी 22 वर्षे छत्रपती संभाजीनगर, जालना आणि बीड येथील दिवाणी न्यायालयांत वकिली करतो आणि त्यातली बरीच वर्षे जमिनीच्या व्यवहारांत फोन हाच मुख्य कागद होत चाललेला पाहतो आहे. म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. फोन त्या दुकानात देऊ नका. आपली खरी अडचण हटवलेले संदेश परत मिळवण्याची नाही, निदान ती पहिली अडचण नाही. वडिलांच्या हातातून हा फोन न्यायालयाच्या टेबलावर येईपर्यंत तो कोणाकोणाच्या हाती होता आणि त्या काळात त्यात काय झाले, हे एका माणसाला शपथेवर आणि उलटतपासणीत न अडखळता सांगता आले पाहिजे. सॉफ्टवेअर साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहत नाही. तिथे माणूस उभा राहतो आणि न्यायाधीश त्या माणसावर विश्वास ठेवतात किंवा ठेवत नाहीत.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातल्या एका दाव्यात माझ्या अशिलाने मला विचारून फोन एका दुकानात दिला आणि मी होकार दिला. दुकानदाराने संदेश काढून दिले, त्यांच्या छापील प्रती आम्ही दाखल केल्या. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी संदेशांविषयी एकही प्रश्न विचारला नाही. फोन दुकानात किती दिवस होता, त्याची पावती आहे का, पिन कोणाकोणाला सांगितला, त्या दिवसांत फोनला इंटरनेट चालू होते का, एवढेच त्यांनी विचारले. फोन चार दिवस दुकानात होता, पावती नव्हती आणि पिन तिथल्या दोन मुलांना माहीत होता. निकालात त्या संदेशांना वजन मिळाले नाही आणि आमचा दावा बँकेतून गेलेल्या रकमेपुरताच टिकला. संदेश खरे होते, याची मला आजही खात्री आहे. ते खरे ठरवण्याची संधी मी घालवली.

आता कायदा. या विषयावरचा आज देशभर पाळला जाणारा निवाडा आपल्याच जिल्ह्यातून गेलेला आहे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल यांनी त्या निवडीला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात आव्हान दिले. उमेदवारी अर्ज 27 सप्टेंबर 2014 रोजी दुपारी 3 च्या मुदतीनंतर दाखल झाला, असा आक्षेप होता आणि त्याचा पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण होते. चित्रणाच्या प्रती मिळाल्या, पण प्रत कोणत्या उपकरणातून आणि कशी काढली हे सांगणारे, त्यांसोबत लागणारे प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. निवडणूक याचिका लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार शक्यतो दिवाणी दाव्याच्याच पद्धतीने चालते, त्यामुळे हा निवाडा आपल्यासारख्या दाव्यांना थेट उपयोगी पडतो. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे आणि तोंडी साक्षीने ती उणीव भरून निघत नाही. मूळ उपकरणच मालकाने न्यायालयात आणून, स्वतः साक्ष देऊन दाखवले तर प्रमाणपत्राची गरज नाही. प्रमाणपत्र देणारा त्रयस्थ टाळाटाळ करत असेल तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येते, आणि आपल्या परीने सर्व प्रयत्न करूनही ते मिळाले नाही तर कायदा अशक्य गोष्टीचा आग्रह धरत नाही. त्या प्रकरणात इतर पुरावा पुरेसा असल्यामुळे उच्च न्यायालयाचा निर्णय कायम राहिला. ‘इतर पुरावा’ हे शब्द लक्षात ठेवा, त्यांच्याकडे मी पुढे परत येणार आहे.

हा निवाडा 1872 च्या भारतीय पुरावा अधिनियमातील कलम 65-ब वर होता. 1 जुलै 2024 पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 आला असून आपला दावा आता दाखल होणार असल्याने त्याला नवे कलम 63 लागू होईल. प्रमाणपत्राचा नमुना आता कायद्याच्या अनुसूचीतच दिलेला आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’ वर ज्याच्या ताब्यात उपकरण आहे त्याने सही करायची, म्हणजे इथे आपण. भाग ‘ब’ वर तज्ज्ञाने. दोन्ही भागांत उपकरणाचा प्रकार, कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक), नोंदीचे हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारी खूण, तिच्याविषयी पुढे सांगतो) आणि ते कोणत्या पद्धतीने काढले हे लिहावे लागते. नोंद दाखल करताना प्रत्येक वेळी हे प्रमाणपत्र सोबत हवे.

भाग ‘अ’ भरताना बहुतेक लोक एक चूक करतात. फोन पहिल्या दिवसापासून आपल्याच ताब्यात होता असे ते लिहून टाकतात, कारण छापील नमुन्यातली वाक्ये तशीच भरायची सवय असते. आपण तसे करू नका. वडील असेपर्यंत फोन त्यांच्याकडे होता, त्यानंतर अमुक तारखेपर्यंत आईकडे कपाटात बंद होता आणि अमुक तारखेपासून माझ्याकडे आहे, हे जसे घडले तसे लिहा आणि स्वतंत्र प्रतिज्ञापत्रातही सांगा. आईंनाही साक्षीला यावे लागेल, याची त्यांना आतापासून कल्पना द्या. घरच्या माणसाने साधेपणाने सांगितलेली ताब्याची हकिगत न्यायाधीशांना पटते. उलट कुठे तरी झाकलेली एक तारीख उलटतपासणीत उघडी पडली की सगळ्या फोनवरच संशय येतो.

भाग ‘ब’ मधला तज्ज्ञ कोण, याची व्याख्या कलम 63 मध्ये नाही. व्यवहारात कलम 39 च्या अर्थाने विशेष ज्ञान असलेली व्यक्ती धरली जाते, म्हणजे त्या माणसाचे शिक्षण, अनुभव आणि पूर्वी दिलेल्या साक्षी पाहून न्यायालय ठरवते. शासनाने अधिसूचित केलेल्या प्रयोगशाळेचा परीक्षक असेल तर त्याच्या मताला कलम 39 चे दुसरे पोटकलम लागू होते. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथे राज्याच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहेत, पण त्यांच्याकडे पोलिसांच्या प्रकरणांचा भार मोठा असतो आणि खासगी माणसाने थेट नेलेला फोन तिथे घेतला जात नाही. न्यायालयाचा आदेश लागतो. म्हणून बहुतेक दिवाणी दाव्यांत खासगी परीक्षक नेमावा लागतो. तो निवडताना मी त्याच्या सॉफ्टवेअरचे नाव सर्वांत शेवटी विचारतो. तुम्ही याआधी पिंजऱ्यात उभे राहिला आहात का, उलटतपासणीत तुमचे काय चुकले आणि कामाच्या नोंदी तुम्ही हाताने लिहिता का, हे आधी विचारतो.

तरी आपण साधनांविषयी विचारलेच आहे, तर त्यांचे काम समजून घेणे उपयोगाचे आहे. सेलेब्राइट, मॅग्नेट ॲक्सिऑम, ऑक्सिजन, एक्सआरवाय ही नावे आपण ऐकली असतील. ही सर्व साधने मुळात दोन कामे करतात. पहिले म्हणजे फोनमधील माहिती, शक्यतो तिच्यात बदल न करता, बाहेर काढणे. दुसरे म्हणजे त्या कच्च्या माहितीचा अर्थ लावून आपल्याला वाचता येईल असा तक्ता तयार करणे. चुकीला जास्त जागा दुसऱ्या कामात असते. व्हॉट्सॲपचे संदेश अँड्रॉइड फोनमध्ये एका डेटाबेसमध्ये राहतात आणि प्रत्येक संदेशाची वेळ तिथे 1 जानेवारी 1970 पासूनच्या मिलिसेकंदांत, जागतिक प्रमाणवेळेनुसार लिहिलेली असते. ती भारतीय वेळेत आणायला साडेपाच तास मिळवावे लागतात. परीक्षकाने ही मांडणी नीट ठेवली नाही तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतचा प्रत्येक संदेश अहवालात आदल्या दिवसाच्या तारखेवर दिसतो. ज्या दाव्यात मुदत एका तारखेवर अवलंबून आहे, तिथे ही लहान चूक राहत नाही. म्हणून अहवाल हातात आला की मी चार-पाच संदेश निवडतो आणि परीक्षकाला मूळ डेटाबेसमधील नोंद उघडून दाखवायला सांगतो.

हॅश मूल्याविषयीही मोठा गैरसमज आहे. एखाद्या फाइलवरून गणिताने काढलेली ती एक खूण असते. एसएचए-256 पद्धतीत ती 64 अक्षरांची असते आणि फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी संपूर्ण खूण बदलते. पण हॅश काढल्या दिवसापासून फाइल बदललेली नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. त्याआधी कोणी काही केले असेल तर त्याविषयी हॅश काहीच सांगत नाही, म्हणून ते जितके लवकर निघेल तितके बरे. शिवाय फोन चालू केला की आतल्या फाइल आपोआप बदलत राहतात, त्यामुळे त्याच फोनमधून दोन वेळा माहिती काढली तर दोन वेगळी मूल्ये येतात. ‘दोन हॅश जुळत नाहीत, म्हणजे छेडछाड झाली’ असा युक्तिवाद मी समोरून ऐकलेला आहे. हॅश फोनचे नसते, त्या दिवशी काढलेल्या माहितीच्या फाइलचे असते, हे आपल्या परीक्षकाला सोप्या मराठीत सांगता आले पाहिजे. एमडी5 पद्धतीत दोन वेगळ्या फाइलना एकच मूल्य देता येते हे 2004 मध्ये आणि एसएचए-1 बाबतीत 2017 मध्ये दाखवले गेले आहे. प्रमाणपत्राच्या नमुन्यात तिन्ही पद्धती आहेत, पण आपण एसएचए-256 चाच आग्रह धरा.

संगणकाने दिलेले उत्तर आपोआप खरे मानण्याची किंमत इंग्लंडमध्ये काय पडली, हे मी प्रत्येक तरुण वकिलाला सांगतो. तिथल्या पोस्ट खात्याने 1999 पासून होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली आणली. तिच्यात दिसणाऱ्या तुटीच्या आधारे 900 हून अधिक पोस्टचालकांना गुन्हेगार ठरवले गेले. ही प्रणालीच सदोष होती, हे फौजदारी खटल्यांतून बाहेर आले नाही. 555 दावेदारांनी चालवलेल्या दिवाणी दाव्यात, डिसेंबर 2019 च्या निकालात ते सिद्ध झाले, कारण तिथे प्रणालीच्या आतल्या नोंदी मागवून दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांची तपासणी झाली. त्याच वर्षी डेन्मार्कमध्ये मोबाइल कंपन्यांची माहिती वाचणाऱ्या पोलिसांच्या सॉफ्टवेअरमध्ये चुका सापडल्या आणि 10 हजारांहून अधिक प्रकरणे पुन्हा तपासायला घ्यावी लागली.

साधनाप्रमाणे ते चालवणाऱ्या माणसावरही संशोधन झाले आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 53 डिजिटल परीक्षकांना एकच फाइल तपासायला दिली होती, पण प्रकरणाची पार्श्वभूमी मात्र त्यांना वेगवेगळी सांगितली होती. कोणाला किती खुणा सापडल्या हे त्या पार्श्वभूमीनुसार बदलले आणि एकच पार्श्वभूमी मिळालेल्या परीक्षकांतही निष्कर्षांची एकवाक्यता कमी होती. हा अभ्यास वाचल्यापासून मी परीक्षकाला अशिलाची कहाणी सांगणे बंद केले. मी त्याला लेखी प्रश्न देतो. या दोन क्रमांकांमध्ये 1 एप्रिल 2023 पासून वडिलांच्या निधनापर्यंत कोणते संदेश, फोटो आणि आवाजी फाइल गेल्या. त्यातल्या कोणत्या हटवल्या. हटवल्याच्या खुणा कुठे आहेत. आणि हे संदेश बाहेरून घुसवल्याची काही खूण दिसते का. शेवटचा प्रश्न आपल्या विरोधात जाऊ शकतो, तरी तो विचारायचाच. समोरचे वकील तो विचारणारच आहेत आणि आपल्या परीक्षकाने तो आधीच तपासलेला असेल तर अहवालाची किंमत दुप्पट होते.

हटवलेल्या आवाजी संदेशांविषयी मी आपल्याला खोटी आशा देणार नाही. आजच्या फोनमध्ये साठवणीची माहिती सांकेतिक रूपात असते, त्यामुळे एकदा पुसलेली फाइल जुन्या काळातल्या संगणकाप्रमाणे खरवडून काढणे बहुधा जमत नाही. तरी काही जागा पाहण्यासारख्या असतात. संदेश हटवला तरी तो हटवल्याची नोंद आणि तिची वेळ राहते. व्हॉट्सॲप फोनमध्येच अलीकडच्या सुमारे सात दिवसांच्या प्रती ठेवते, आणि संदेश हटवल्यानंतर लगेच फोन बंद पडला असेल तर एखाद्या प्रतीत तो सापडू शकतो. वडिलांनी गूगल खात्यावर बॅकअप ठेवला असेल तर तीही एक वाट आहे. शिवाय त्यांनी एखाद्या संदेशाला तो उद्धृत करून उत्तर दिले असेल तर उद्धृत मजकूर अनेकदा तसाच राहतो, म्हणून त्यांची उत्तरे लक्ष देऊन पाहा. यातले नेमके काय मिळेल ते फोनच्या मॉडेलवर, हटवल्यानंतर तो किती वापरला गेला यावर आणि पिन माहीत आहे की नाही यावर अवलंबून आहे. पिन कोणालाच माहीत नसेल तर काम फार अवघड होते. आईंना किंवा बहिणींना तो आठवत असेल तर आजच लिहून ठेवा, पण अंदाजाने पिन टाकून पाहू नका. व्हॉट्सॲप कंपनीकडून संदेश मागवता येतील का, असेही आपण विचारले आहे. पोहोचलेले संदेश कंपनी आपल्याकडे ठेवत नाही, त्यामुळे तिकडे अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

आपण स्वतःच्या फोनवर पाठवून घेतलेले दोन आवाजी संदेश मात्र मोलाचे आहेत. त्यांना मर्यादा आहे: पुढे पाठवलेल्या फाइलवर आपल्या फोनवर आल्याची वेळ असते, मूळ पाठवणाऱ्याची नसते. म्हणून ते वडिलांच्या फोनमधल्या ‘हटवले’ या नोंदीशी जुळवून दाखवावे लागतील: त्या दिवशी, त्या वेळी त्या गृहस्थाकडून संदेश आला, काही काळाने तो इथे पाठवला गेला आणि नंतर त्याने मूळ संदेश हटवला. हा क्रम जुळला तर हटवणे हेच त्याच्या विरोधात बोलू लागते. आवाज त्याचाच आहे हे सांगायला त्याला वर्षानुवर्षे ओळखणारा गावातला माणूस साक्षीला चालतो. ध्वनिमुद्रणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1985 च्या राम सिंह प्रकरणात सांगितलेल्या अटी, म्हणजे आवाजाची ओळख, अचूकता, छेडछाडीची शक्यता नसणे आणि सुरक्षित ताबा, आजही पाळल्या जातात. आपला फोनही त्यामुळे पुरावा झाला आहे. तो विकू नका, बदलू नका आणि ती चॅट हलवू नका. चॅट ‘एक्स्पोर्ट’ करून मिळणारी फाइल साध्या मजकुराची असते आणि ती कोणालाही बदलता येते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नका.

माझ्या मते आपल्यासाठी सर्वांत सुरक्षित मार्ग न्यायालयातूनच जातो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26 मध्ये 1976 च्या दुरुस्तीने नियम 10-अ आला असून त्यानुसार शास्त्रीय तपासासाठी न्यायालय आयुक्त, म्हणजे न्यायालयाच्या वतीने तपास करून अहवाल देणारी व्यक्ती, नेमू शकते. दावा दाखल करतानाच फोन मोहोरबंद करून न्यायालयात जमा करण्याचा आणि आयुक्तामार्फत, दोन्ही पक्षांच्या वकिलांसमोर, फक्त या दोन क्रमांकांमधील ठरावीक काळाची माहिती काढण्याचा अर्ज द्या. फोन नाझरांच्या, म्हणजे जमा वस्तू सांभाळणाऱ्या न्यायालयीन कर्मचाऱ्यांच्या, ताब्यात गेला की ताब्याविषयीचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात. न्यायालय हा अर्ज मान्य करीलच असे मी म्हणत नाही. काही न्यायाधीश तो पुराव्याच्या टप्प्यावर पाहू म्हणून बाजूला ठेवतात. तसे झाल्यास आपण खासगी परीक्षकाकडून काम करून घ्या, पण त्याआधी समोरच्याला वकिलामार्फत नोटीस देऊन दिवस, वेळ आणि जागा कळवा. तो आला नाही तरी चालेल. त्याला बोलावले होते, हे नोंदीवर राहते.

त्याच नोटिशीत त्याने स्वतःचा फोन आणि त्यातले संदेश जपून ठेवावेत, असेही स्पष्ट लिहा. मूळ संदेश त्याच्या फोनमध्ये आजही असू शकतात. त्याचा संपूर्ण फोन तपासायची मागणी करू नका, कारण खासगीपणाचा अधिकार आडवा येतो आणि अर्ज फेटाळला जातो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्याच आदेश 11 खाली फक्त आपल्या वडिलांच्या क्रमांकाशी झालेले, ठरावीक काळातले संदेश हजर करण्याची मागणी करा. त्याने ते दाखवले नाहीत तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 119 खाली प्रतिकूल अनुमान काढण्याची, म्हणजे ते संदेश त्याच्या विरोधात जाणारे होते असे मानण्याची, विनंती करता येते.

आता ‘इतर पुरावा’. दिवाणी दाव्यात शंकेला जागा न ठेवता सिद्ध करावे लागत नाही, कोणाची हकिगत अधिक संभाव्य हे न्यायालय पाहते. त्या तराजूत फोन हे एकच वजन नसावे. बँकेतून गेलेल्या 6 लाखांच्या उताऱ्याची, बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टखालील प्रमाणपत्रासह, प्रत घ्या. वडिलांनी हातउसने घेतले होते असे तो म्हणतो, तर ती रक्कम त्यांना कधी आणि कशी मिळाली हे त्याला दाखवावे लागेल. त्याच्या खात्यातून काही आलेलेच नसेल तर त्याची कहाणी लंगडी पडते. पावतीवर सही करणारे साक्षीदार, त्या दिवशी बैठकीला असलेली माणसे, जमीन मोजायला कोणी आले असेल तर तो, आणि 5 लाख रोख कुठून आले याचा माग, म्हणजे कापसाची किंवा सोयाबीनची पट्टी, जनावरांची विक्री, पतसंस्थेतून काढलेली रक्कम, हे सगळे गोळा करा. रोख रकमेबाबत एक सावधगिरी आहे. 2 लाख किंवा त्याहून अधिक रोख दिल्याचे दाव्यात म्हटले असेल तर न्यायालयाने आयकर विभागाला कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये सांगितले आहे. म्हणून रकमेचा स्रोत आधी जुळवा, मग दावा लिहा.

संदेशांपैकी कोणते महत्त्वाचे, यातही लोक चुकतात. वडील आज साक्ष द्यायला नाहीत, त्यामुळे त्यांनी स्वतः लिहिलेले ‘मी तुला 11 लाख दिले’ हे वाक्य जितके प्रभावी वाटते तितके ते नसते. समोरच्याने लिहिलेले किंवा बोललेले ‘पैसे मिळाले’, ‘रजिस्ट्री दिवाळीनंतर करू’ हे त्याचे कबुलीवजा विधान आहे आणि दाव्याचा कणा तेच आहे. वडिलांचे संदेश दुसऱ्या कारणाने लागतात. करारपूर्ती, म्हणजे ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून मिळावे असे, मागणाऱ्याला आपण उरलेली रक्कम देऊन खरेदीखत करायला तयार होतो हे सिद्ध करावे लागते आणि ‘पैसे तयार आहेत, कधी येता’ असे त्यांनी विचारलेले संदेश ती तयारी दाखवतात. परीक्षकाच्या प्रश्नांत हे दोन्ही प्रकार आले पाहिजेत. दाव्यात करारपूर्तीबरोबरच, ती न मिळाल्यास इसाराची रक्कम परत मिळावी अशी पर्यायी मागणी स्पष्ट लिहायला सांगा, कारण स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम 22 नुसार ती मागितल्याशिवाय मिळत नाही. आई, बहिणी असे सर्व वारस दाव्यात पक्षकार हवेत.

या आठवड्यात आपण करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. फोन बंदच ठेवा आणि चार्जिंगला लावू नका. आईंसमोर त्याचे सर्व बाजूंनी फोटो काढा, तो पाकिटात घालून, चिकटवून, त्यावर तारीख टाकून दोघांच्या सह्या करा आणि त्यानंतर त्याला हात लावण्याची वेळ आली तर प्रत्येक वेळी वहीत लिहा. सिम काढू नका, पण क्रमांकाचे रिचार्ज दुसऱ्या फोनवरून चालू ठेवा, कारण बंद झालेला क्रमांक 90 दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. 120 दिवस वापर नसेल तर व्हॉट्सॲप खाते बंद करते. तसे झाले असले तरी ॲप काढून टाकलेले नसेल तोपर्यंत फोनमधली माहिती फोनमध्येच राहते, त्यामुळे घाबरून फोन चालू करू नका.

एक गोष्ट आपण प्रश्नात लिहिलेली नाही आणि तिच्याशिवाय वरचे सगळे व्यर्थ जाऊ शकते. पावतीत खरेदीखताची तारीख लिहिली होती का? लिहिली असेल तर मुदत कायद्याच्या अनुच्छेद 54 प्रमाणे त्या तारखेपासून तीन वर्षांत दावा दाखल झाला पाहिजे. तारीख नसेल तर त्याने नकार दिल्याचे आपल्याला कळले तेव्हापासून तीन वर्षे मोजतात. पैसे परत मागण्याच्या पर्यायाची मुदतही आपल्या वकिलांना स्वतंत्र तपासायला सांगा. पावतीचा फोटो आपल्या फोनवर असेल तर तो मोठा करून तारखेची ओळ वाचा. आपल्या फोनवर नसेल तर वडिलांचा फोन उघडू नका. पावतीवर सही केलेल्या साक्षीदारांना तारीख विचारा आणि ती घेऊनच वकिलांकडे जा.